व्यसनमुक्तीनंतरची वाटचाल : मनाच्या जखमांची शुश्रूषा आणि स्वतःची काळजी

दारू सुटली म्हणजे सर्व काही सुटले, असा समज आपल्या धर्मग्रामांमध्ये आजही रूढ आहे. प्रत्यक्षात दारूची बाटली बाजूला ठेवल्यानंतरच खरी वाटचाल सुरू होते. इतकी वर्षे नशेखाली दडपून ठेवलेली भीती, शरम, शोक आणि राग ही सर्व शुद्धीवर आलेल्या माणसासमोर एकाच वेळी उभी राहतात. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेले अनेक जण पहिल्या काही महिन्यांतच पुन्हा घसरतात, त्यामागे इच्छाशक्तीच्या अभावापेक्षा ही न हाताळलेली वेदनाच अधिक असते. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून या विषयाची मूलभूत माहिती आम्ही देत आहोत. धर्मगुरू, धर्मभगिनी, धर्मशिक्षक, महिला बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि मुख्यतः व्यसनमुक्तीच्या मार्गावर असलेले बंधुभगिनी व त्यांचे कुटुंबीय यांना ती उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके आहेत. धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने हा प्रदेश नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो. भाताची शेती, तलाव, तेंदूपत्ता आणि मोहफुले यांवर येथील ग्रामीण व आदिवासी कुटुंबांचे जीवन अवलंबून आहे.

मोहाविषयी बोलताना सावधगिरी हवी. मोहफूल हे अन्न आहे, उत्पन्न आहे आणि आदिवासी समाजाच्या पूजाविधीतही त्याला स्थान आहे. त्यामुळे 'मोह म्हणजे पाप' असा सरसकट उपदेश करणे अन्यायाचे ठरते व ऐकणाऱ्याला तो आपल्या समाजाचा अपमान वाटतो. प्रश्न फुलाचा नसून अवलंबित्वाचा आहे.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. गोंदियात जिल्हाव्यापी बंदी नाही. बंदी असो वा नसो, ज्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे त्याला उपचार लागतातच. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकरवी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे, मद्यपान करीत होती. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज होती. मात्र मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. हे अंतर उपदेशाने भरून निघणारे नाही.

आघात म्हणजे काय?

मन हादरवून टाकणारी, जिवाला किंवा अब्रूला धोका निर्माण करणारी घटना घडून गेल्यानंतरही तिचा परिणाम शरीर-मनात टिकून राहतो, त्यास मानसिक आघात म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकाराला आपल्या अधिकृत वर्गीकरणात प्रथमच स्थान दिले. दचकून जागे होणे, तीच घटना पुन्हा घडत असल्यासारखे वाटणे, त्या जागेकडे जाणे टाळणे, भावना बधिर होणे आणि क्षुल्लक कारणावरून भडकणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

आपल्या जिल्ह्यात आघाताची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. नक्षलवादी हिंसाचाराच्या छायेत वाढलेली गावे येथे आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात अनेकांची घरे व पिके वाहून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सडक अर्जुनी तालुक्यात गोंदिया-कोहमारा मार्गावर शिवशाही बसचा भीषण अपघात झाला. वन्यप्राण्यांचे हल्ले, सर्पदंश, कर्जाचा फास आणि जवळच्या माणसाची आत्महत्या या घटनाही कुटुंबांना कायमच्या हादरवून जातात. सर्वांत जास्त आघात मात्र घराच्या चार भिंतींत होतात. दारू पिऊन आलेल्या वडिलांच्या पावलांचा आवाज ऐकून अंथरुणात श्वास रोखून धरणारे मूल, हे त्याचे उदाहरण होय.

अमेरिकेत डॉ. विन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. बालपणी मारहाण, उपेक्षा किंवा घरातील व्यसन अशा प्रतिकूल अनुभवांची संख्या जितकी अधिक, तितकी पुढील आयुष्यात व्यसनाची शक्यता अधिक, असे त्यांत दिसून आले. दारू ही अनेकांच्या बाबतीत झोप आणणारे, भीती दाबणारे स्वतःच शोधलेले औषध असते. ते औषधच नंतर रोग बनते. म्हणून व्यसन सुटले तरी जखम उघडीच राहते आणि केवळ जखमेवर उपचार केले तरी शरीराची सवय सुटत नाही. दोहोंची काळजी बरोबरच घ्यावी लागते.

पहिली काळजी शरीराची

दीर्घकाळ रोज दारू पिणाऱ्या व्यक्तीने ती एकाएकी, घरच्या घरी बंद करणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरणे, घाम, मळमळ व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. ही स्थिती तातडीच्या वैद्यकीय उपचाराची आहे. ती 'बाहेरची बाधा' समजून वेळ दवडू नये. आम्ही प्रार्थनेचे महत्त्व जाणतो, परंतु अशा रुग्णाला प्रथम रुग्णालयात न्यावे व तेथे त्याच्या उशाशी प्रार्थना करावी.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. 'न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल' अशा पुड्या बाजारात विकल्या जातात. त्यांत काय आहे हे विकत घेणाऱ्याला माहीत नसते. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणे असे गंभीर परिणाम होऊन प्राणही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. पत्नीच्या हातून नकळत घडलेली अशी दुर्घटना दुसरा आघात ठरते.

मनाच्या दुरुस्तीचे टप्पे

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. पहिला टप्पा सुरक्षिततेचा, दुसरा आठवण आणि शोकाचा, तिसरा पुन्हा माणसांशी जोडले जाण्याचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. दारू सोडून पंधरा दिवसही न झालेल्या माणसाला 'मन मोकळे कर, सगळे सांगून टाक' असा आग्रह करणे घातक ठरू शकते. आधी झोप, अन्न, निवारा आणि विश्वासाची दोन माणसे हवीत. जुन्या जखमा प्रशिक्षित समुपदेशकासमोर, रुग्णाच्या गतीने उघडल्या जाव्यात.

पवित्र शास्त्रातही हाच क्रम दिसतो. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून अरण्यात झुडुपाखाली मरण मागत पडतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. तो त्याला झोपू देतो, भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. पर्वतावरील देवाची मंद वाणी त्यानंतर कित्येक दिवसांनी ऐकू येते. थकलेल्या माणसाला आधी जेवू घालावे, ही शिकवण आपल्या सेवाकार्याचा पाया असावी.

भाषेचाही विचार व्हावा. या जिल्ह्यात मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी बोलल्या जातात. दुःख मातृभाषेतच नीट सांगता येते. समुपदेशकाला ती भाषा येत नसेल तर विश्वासू दुभाष्या घ्यावा. मात्र रुग्णाच्या लहान मुलाला दुभाषा करू नये.

स्वतःची रोजची काळजी

स्वतःची काळजी घेणे म्हणजे चैन किंवा स्वार्थ नव्हे. शिष्य कामावरून परतले तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात जाऊन विसावा घेण्यास सांगितले, असे संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नोंदवतो. पुढील गोष्टी साध्या आहेत, परंतु त्या रोज केल्या तरच उपयोगी पडतात.

१. चार प्रश्न : ओढ जाणवली की स्वतःला विचारावे, मी भुकेला आहे का? रागावलेला आहे का? एकटा आहे का? थकलेला आहे का? बहुतेक वेळा यांपैकी एक उत्तर 'होय' असते. मग दारूऐवजी त्या गरजेवर इलाज करावा. ओढीची तीव्र लाट बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ जागा बदलावी, पाणी प्यावे, कोणाला तरी फोन करावा.

२. झोप : पहिले काही महिने झोप तुटक असते, स्वप्नात दारू दिसते. हे बरे होण्याच्या प्रक्रियेतलेच आहे. ठरावीक वेळी अंथरुणावर जावे, संध्याकाळनंतर चहा टाळावा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

३. आहार : दारूमुळे शरीरातील ब-१ जीवनसत्त्वाचा ऱ्हास होतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात. वेळेवर भात-वरण, भाजी, अंडी किंवा तलावातली मासळी जे परवडेल ते खावे.

४. खर्रा : दारू सुटल्यावर खर्ऱ्याचे प्रमाण वाढते, हा विदर्भातला सर्वपरिचित अनुभव आहे. तंबाखू व सुपारी या दोन्हींमुळे मुखाचा कर्करोग होतो. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडू नये. तंबाखू सोडण्यासाठीही औषधे व समुपदेशन उपलब्ध आहे.

५. भूतकाळ अंगावर आल्यास : डोळे उघडे ठेवून पाय जमिनीवर घट्ट टेकावेत. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास व एक चव यांची मनात नोंद करावी. श्वास सावकाश सोडावा. 'ती घटना तेव्हाची, मी आता येथे सुरक्षित आहे' हे मनाला त्यामुळे कळते.

६. धोक्याचे दिवस : आपल्या वर्षाचे पंचांग डोळसपणे पाहावे. मार्च-एप्रिलमधील मोहफुलांचा हंगाम, तेंदूपत्त्याची मजुरी हाती येणारे दिवस, धान विकल्याचा दिवस, पोळा, दिवाळीनंतरच्या मंडई व रात्रभर चालणारी झाडीपट्टीतील नाटके, लग्नसराई आणि नाताळ हे सारे आनंदाचे तसेच ओढीचे प्रसंग आहेत. त्यांपासून कायम पळून जाता येत नाही. मात्र सोबत कोण असेल, पैसे कोणाजवळ राहतील, किती वाजता परतायचे हे आधी ठरवावे.

घसरण झाली तर

व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा दीर्घकालीन आजार आहे. एकदा घसरण झाली म्हणजे आधीचे महिने वाया गेले असे नव्हे. अशा वेळी शरमेने लपून बसणे सर्वांत धोक्याचे असते. त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि उपचाराकडे परतावे.

या काळात आत्महत्येचा धोका वाढतो, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. 'मी नसलेलाच बरा' असे बोलणे, वस्तू वाटून टाकणे, एकाएकी शांत होणे या खुणा दिसल्यास 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. धानपट्ट्यातील प्रत्येक घरात कीटकनाशके असतात. ती कुलूपबंद ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. एवढ्याने जीव वाचतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा केली जात नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत.

कुटुंबीयांच्या जखमा

व्यसनी व्यक्तीइतकीच तिची पत्नी, आई व मुले आघातग्रस्त असतात. दारू सुटल्यावर नवरा लगेच मानाची अपेक्षा करतो, पत्नीला मात्र विश्वास बसण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. हे स्वाभाविक आहे. 'तो सुधारला, आता तू क्षमा कर' अशी घाई धर्मगुरू वा नातेवाईकांनी तिच्यावर करू नये. क्षमा ही देवाच्या कृपेने पिकणारी गोष्ट आहे, ती हुकमाने मिळत नाही. तसेच क्षमा करणे म्हणजे मारहाण सहन करणे नव्हे. चर्चच्या कायद्यातील ११५३ वे कलम जोडीदारापासून गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा देते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्राच्या २४१ व्या परिच्छेदात काही प्रसंगी विभक्त राहणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते असे मान्य केले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे.

महाराष्ट्रात या जाणिवेचा पाया घालणाऱ्यांमध्ये पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा उल्लेख करावाच लागेल. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट व लेखक डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. रुग्णाबरोबर पत्नींसाठीही स्वतंत्र गट असावा, हा विचार तेथे रुजला.

श्रद्धा, संस्कार आणि सहवास

मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची स्थापना केली. स्वतः मद्यपाशातून सावरलेल्या या धर्मगुरूंनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगसाधनेची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा आरंभ १९३५ मध्ये अमेरिकेत झाला. पाचव्या पायरीत सदस्य आपल्या चुका देवासमोर, स्वतःसमोर व दुसऱ्या एका व्यक्तीसमोर मान्य करतो. प्रायश्चित्त संस्काराशी तिचे साम्य आहे, परंतु दोन्ही एक नव्हेत. पापनिवेदनाने पापांची क्षमा मिळते. आघाताने आलेली भीती व दुःस्वप्ने हे पाप नाही, म्हणून त्यांसाठी समुपदेशन व औषधोपचारही हवेत. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल 'पश्चात्ताप कर' असे कधीही सांगू नये.

एक व्यावहारिक बाब. मिस्सामध्ये दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद दिला जात असल्यास व्यसनमुक्त व्यक्तीने केवळ भाकररूपात तो निःशंकपणे घ्यावा. एका रूपातही ख्रिस्त पूर्णपणे उपस्थित असतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. प्रसाद द्राक्षारसात बुडवून दिला जात असल्यास तसे आधीच सांगावे. ज्या धर्मगुरूंना मद्य वर्ज्य आहे, त्यांना महागुरूंच्या परवानगीने न आंबवलेला द्राक्षरस वापरता येतो. २००३ च्या व्हॅटिकनच्या पत्रात हे स्पष्ट केले आहे. सभेत किंवा प्रवचनात कोणाच्याही व्यसनाचा नावानिशी उल्लेख करू नये.

दोन साक्षीदारांचे स्मरण येथे उचित होईल. डब्लिनचे मजूर आदरणीय मॅट टॅल्बट यांनी १८८४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली. पुढे १९२५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. चीनमधील वैद्य संत मार्क जी तियानशियांग यांची कथा याहून वेगळी आहे. पोटाच्या दुखण्यावर घेतलेल्या अफूचे त्यांना व्यसन जडले. ते सुटत नाही म्हणून सुमारे तीस वर्षे त्यांना संस्कार नाकारले गेले. तरीही त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि १९०० मध्ये श्रद्धेसाठी प्राण दिला. १ ऑक्टोबर २००० रोजी ते संत घोषित झाले. लढाई जिंकलेला एक आणि लढाई न सोडलेला दुसरा, दोघेही ख्रिस्तसभेला प्रिय आहेत.

मदत कोठे मिळेल?

गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाविषयी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशा सेविकेकडे चौकशी करावी. गंभीर मनोविकारासाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मानसिक तणाव व आत्महत्येच्या विचारांसाठी टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या संकटात ११२ हे क्रमांक आहेत. खाजगी केंद्र निवडताना त्याची नोंदणी, डॉक्टरांची उपस्थिती व भेटीची मुभा तपासावी. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. जेथे मारहाण होते, तेथे उपचार होत नाहीत.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी जखमी वाटसरूच्या जखमा बांधून थांबला नाही. त्याने त्याला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, पुढील खर्चाची रक्कम दिली आणि अधिक लागल्यास परत येऊन भरण्याचे वचन दिले. व्यसनमुक्त झालेल्या व्यक्तीला आपल्या धर्मग्रामाकडून हीच अपेक्षा आहे. एका दिवसाच्या शिबिराने ती पूर्ण होत नाही. आठवड्यातून एकदा घरी जाऊन चौकशी करणारे दोन श्रद्धावंत, मंडईच्या रात्री सोबत करणारा एक मित्र आणि मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देणारी एक शिक्षिका, एवढी तरतूद प्रत्येक धर्मग्रामाला करता येण्यासारखी आहे. ती करावी, अशी आमची सर्वांना नम्र विनंती आहे.